उजेडाची ओटी

त्या राज्यातून अंधार गेला, त्याला पुष्कळ वर्षे झाली होती.

राज्य तसे लहानच. एक संथ ओढा, त्याच्यावर वाकलेली शिंदीची झाडे आणि झावळ्यांच्या टोकांना लोंबणारे सुगरण पक्ष्यांचे खोपे, एवढाच त्याचा पसारा. पूर्वी दिवस मावळला की खोप्यांत काळोख होई. नर आतल्या भिंतीला ओल्या चिखलाचा गोळा लावत आणि जमलेच तर त्यावर एखादा काजवा चिकटवत. पण काजव्याचा भरवसा काय धरणार? अंधारात मुंग्या चढत, साप वास काढत येई, पावसात छत गळे. म्हातारे पक्षी त्या काळाच्या गोष्टी सांगू लागले की ऐकणारे एकमेकांना खेटून बसत.

मग कावळ्यांना माळापलीकडे एक खड्डा सापडला. त्यातली माती मऊ होती, गोडसर वासाची होती आणि अंधारात हिरवट उजळत होती. ती तिथे कोणी टाकली, कशातून उरली, हे कावळ्यांना माहीत नव्हते, आणि दुसऱ्या कोणी विचारले नाही. त्यांनी तिला तेजमाती म्हटले आणि दाण्यांच्या बदल्यात घरोघर पोचवली. भिंतीला लावली की खोपा रात्रभर उजळे. मुंगी फिरकत नसे, साप दुरूनच वळून जाई, पावसाचा थेंब आत येत नसे. खोटे कशाला बोला, माती गुणाची होती. तिच्यामुळे ज्यांची अंडी वाचली त्यांनी तिला डोक्यावर घेतले, यात नवल नव्हते.

आता घरात एखादी चांगली वस्तू आली की ती आधी कोणाला द्यायची, यावर कुठल्याच घरात वाद होत नाही. जी अंड्यांनी जड झाली आहे तिला.

त्या राज्यात ओटीची रीत होती. मादी जड झाली की झाडावरच्या प्रत्येक घराने तेजमातीचा गोळा चोचीत धरून तिच्या दारी जायचे. तिने तो आपल्या चोचीत घ्यायचा, लाळेने मऊ करायचा आणि ज्या वाटीत अंडी घालायची त्या वाटीभोवती स्वतः लिंपायचा. आलेला गोळा परत करणे अशुभ समजत, आणि रिकाम्या चोचीने जाणे त्याहून अशुभ. पहिला मान झाडावरच्या सगळ्यात वडील मादीचा. तिच्या गोळ्याहून मोठा गोळा दुसऱ्या कोणी आणायचा नाही, नाही तर तो तिचा अपमान. ही वडील मादी म्हणजे सावरीमावशी. मावशीचे मन मोठे, म्हणून तिचा गोळाही मोठा असे, आणि मग मागच्यांनाही हात आखडता घ्यावा लागत नसे. जिच्यावर माया जास्त तिचा खोपा जास्त उजळ. झाडाकडे लांबून पाहिले तरी कोण किती लाडकी आहे ते दिसे.

पिल्ले लवकर येऊ लागली ती केव्हापासून, हे कोणालाच नेमके सांगता आले नसते. अंडी दिवस भरायच्या आधीच तडकत. आतून निघणारे पिल्लू सरकीएवढे, मान धरायचे त्राण नाही, चोच उघडायची ताकद नाही. काही तशीच जात. जी जगत त्यांना धाप लागे. ती उशिरा उडत, आणि विणकामाची पहिली गाठ शिकायला त्यांना फार कष्ट पडत. सुरुवातीला सारे झाड रडले. मग आयांना दोष देऊन झाला: ही फार उडाली, तिने आंबट खाल्ले, ती रागीट, ही घाबरट. मग दुःख रोजचेच झाल्यावर पंच बसले आणि त्यांनी तोडगा काढला. अंडी हल्ली ज्या वेळी फुटतात तीच त्यांची योग्य वेळ, असे त्यांनी ठरवले. पूर्वीची वेळ जुनाट होती. त्या ठरावानंतर त्या राज्यात एकही पिल्लू वेळेआधी जन्मले नाही. उडायला शिकवायची झावळी खालच्या अंगाला घेण्यात आली, गाठही सोपी करण्यात आली. आजकालची पोरे चलाख, त्यांना आत बसवत नाही, असे कोणी कोणी कौतुकानेही म्हणे.

लव्हाळी ही त्या झाडावरची सगळ्यात लाडकी मादी होती. तिच्या आईला सापाने नेले तेव्हा तिचे डोळेही धड उघडले नव्हते. सावरीमावशीने तिला भरवून वाढवले. मोठेपणी तिने कोणाला दुखावल्याचे कोणाला आठवत नव्हते. आजारी शेजारणीला अळी नेऊन दे, कोणाचा खोपा सुटू लागला तर तंतू चोचीत धरून बस, हे तिचे नेहमीचे. तिच्या नवऱ्याने, बोरूने, खोपा विणला आणि ती जड झाली, तेव्हा ओटीची रांग ओढ्याच्या वळणापर्यंत लागली. मावशीचा गोळा इतका मोठा होता की तो आणताना तिला वाटेत दोनदा विसावा घ्यावा लागला. त्या संध्याकाळी लव्हाळीचा खोपा पलीकडच्या काठावरूनही दिसत होता. पुढे तिने घातलेली अंडीही उजळत होती. कवचातून हिरवा प्रकाश पाझरे, शेजारणी वाकून वाकून पाहत आणि तिला भाग्याची म्हणत. तिलाही तसेच वाटत होते.

ती अंडी पंचांच्या नव्या वेळेच्याही आधी फुटली. एक पिल्लू निपचितच बाहेर पडले. दुसरे दिवसभर जगले. लव्हाळीने त्याच्यावर पंख धरला होता, आणि त्याचे काळीज तिच्या छातीला लागत होते, फार भरभर. दिवस कलताना ते थांबले. थांबल्याचे तिला कळले, तरी तिने पंख काढला नाही. बोरू शेजारी बसून राहिला. 

सावरीमावशी समाचाराला आली. तिने लव्हाळीच्या मानेवरून चोच फिरवली आणि सांगितले की पोरी, खचू नकोस, पुढच्या खेपेला मी आणखी मोठा गोळा आणीन. मावशी हे अगदी मनापासून बोलली.

दुःखात ओळखीच्या जागा नकोशा होतात. लव्हाळी झाडाच्या त्या टोकाला जाऊन बसू लागली जिथे कोणी जात नसे. तिथे कुसळीकाकूचा खोपा होता. कुसळीकाकूच्या जिभेला हाड नव्हते. माझा तंतू का उचललास, माझ्या दारावर सावली का पाडलीस, माझ्याकडे बघून चोच का घासलीस, भांडायला तिला काहीही पुरे. त्यामुळे तिच्या ओटीला कधीच कोणी गेले नव्हते, मावशीसुद्धा नाही. साऱ्या झाडावर तिचा एकटीचा खोपा काळा होता. कुसळीची पोरे उशिरा येतात, मागे पडलेली आहेत बिचारी, असे सगळे कीव करून म्हणत.

लव्हाळीने ती मागे पडलेली पोरे आता जवळून पाहिली. ती भरलेल्या अंगाची होती, माना ताठ धरून होती आणि भुकेने अशी ओरडत होती की ऐकणाऱ्याचे डोके उठावे. शेजारी एक अंडे अजून फुटायचे होते. खोप्यात सांजेची अंधारी पसरली होती आणि ते अंडे उजळत नव्हते. ओढ्यातल्या गोट्यासारखे साधे पांढरे अंडे. लव्हाळी त्याच्याकडे बघतच राहिली.

"हसायला आलीस?" कुसळीकाकूने विचारले.

"नाही काकू. तुम्ही यांना काय भरवता?"

"सगळ्या भरवतात तेच. अळ्या."

"आणि अंड्यांच्या आधी? तुमच्या ओटीत काय आलं होतं?"

कुसळीकाकूला बोलायला शब्द कधी कमी पडत नसत, पण या प्रश्नावर तिने मान फिरवली.

"काही आलं नाही," ती म्हणाली. "दर खेपेला मी दाराशी बसून वाट बघते. कोणी येत नाही. झालं समाधान?"

लव्हाळी घरी परतली ती जड पंखांनी. तिला जे वाटत होते ते तिला नको होते. एका काळ्या खोप्यात धडधाकट पोरे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळत होते. म्हणून ती झाडभर हिंडली. जिच्यावर माया जास्त तिच्या घरी, जिथे वाटी जाड लिंपलेली होती, तिथे पिल्ले सरकीएवढी होती. जिच्याकडे चार घरांनीच गोळे आणले होते, तिची थोडी बरी होती. ती जितके पाहत गेली तितके ते तिच्या मनात घट्ट होत गेले. आणि मग तिला मावशीचा तो गोळा आठवला, दोनदा विसावा घेऊन आणलेला.

ती पंचांकडे गेली. पंचांनी तिचे शांतपणे ऐकून घेतले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मग त्यांनी तिला समजावले. माती वाईट असती तर ती चोचीत घेणाऱ्या आया आधी आजारी पडल्या असत्या. आया तर ठणठणीत होत्या. कावळे रोज त्या खड्ड्यात उतरतात, त्यांना काय झाले? उजळ खोप्यांतलीही काही पोरे चांगली निघतात, त्याचे काय? आणि कुसळीच्या घरावरून राज्याने काही शिकावे, अशी वेळ अजून आलेली नाही. तरी तिचे मन राखायला त्यांनी ठराव केला की प्रत्येक घराने चिमूटभर कमी माती द्यावी. लव्हाळीने विचारले, साऱ्या झाडाचे थोडे थोडे मिळून किती होते? तो प्रश्न आजच्या विषयात बसत नाही, असे पंच म्हणाले.

मावशीशी बोलणे सगळ्यात अवघड होते. लव्हाळीने आडून आडून विषय काढला. मावशीला तो कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता, कोण जाणे. पोर दुःखाने भ्रमली आहे असे तिने ठरवले आणि तिला जास्तच जपू लागली.

पुढच्या हंगामात लव्हाळी पुन्हा जड झाली. मावशीने ओटीचा दिवस धरला आणि कावळ्यांना चांगल्यातली माती राखून ठेवायला सांगितले. लव्हाळीला घास गोड लागेना. नको म्हणायची सोय नव्हती. म्हटले असते तरी माया करणाऱ्यांनी ऐकले नसते, गोळे दाराशी ठेवून गेले असते. कोणी दाराशी येऊच नये, असे काही करायला हवे होते. आणि ते कसे साधते, हे त्या झाडावर एकटीलाच ठाऊक होते.

"काकू, मला भांडायला शिकवा," ती जाऊन म्हणाली.

कुसळीकाकूला ही आपली थट्टा वाटली आणि तिने लव्हाळीला चांगले फैलावर घेतले. लव्हाळी एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत राहिली. असे ऐकणारे कोणी काकूला जन्मात भेटले नव्हते, त्यामुळे तिचाच जोर ओसरला. मग लव्हाळीने कारण सांगितले. काकू बराच वेळ आपल्या पोरांकडे पाहत राहिली. ओटी न आल्याचे दुःख तिने इतकी वर्षे जपले होते की आता त्याचे काय करावे ते तिला समजेना. शेवटी ती म्हणाली की ठीक आहे, उद्यापासून ये.

लव्हाळी फार वाईट शिष्या निघाली. पहिल्याच दिवशी ती शेजारणीवर तंतू चोरल्याचा आळ घ्यायला गेली आणि तिला आपल्याकडचे दोन लांब तंतू देऊन परत आली. काकूने कपाळाला पंख लावला. भांडण झाल्यावर पाणी प्यायला बोलवायचे नसते, हा पहिला धडा तिला तीनदा द्यावा लागला. पण जीव पोटातल्या अंड्यांत अडकला की सगळे येते. लव्हाळीने कोणाच्या गाठीला नावे ठेवली, कोणाच्या गाण्याला. तिची नणंद साळी, जिला वहिनीशिवाय करमत नसे, ती गप्पा मारायला आली तेव्हा तिला दारातूनच परतवून लावले. साळीचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी लव्हाळी आत जाऊन रडली, आणि बोरूने विचारले तेव्हा तिने त्याला सगळे सांगितले.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यावरून साधा काळा चिखल घेऊन आला आणि त्याने आतली भिंत त्याच चिखलाने लिंपली.

मावशी मात्र रुसेना. लव्हाळी काहीही बोलली तरी ती हसून म्हणे, जडपणी असे होतेच. ओटीचा दिवस अगदी जवळ आला. तेव्हा लव्हाळीने जे केले ते तिने पुन्हा आयुष्यात कधी कोणाला सांगितले नाही. झाडावरची सगळी मंडळी झावळ्यांवर जमली असताना ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही माझ्या दारी येऊ नका," ती म्हणाली. "तुमचा पायगुण वाईट आहे. पहिला गोळा तुम्ही ठेवता आणि पोरं जातात."

 मावशीने काहीतरी बोलायला चोच उघडली, मिटली, आणि ती उडून गेली. फार खालून उडाली, पाण्याला पंख लागतील इतकी.

ओटीच्या दिवशी कोणी आले नाही. लव्हाळीला हेच हवे होते. तरी ती दिवस मावळेपर्यंत दाराशी बसून राहिली, आणि तिचे डोळे रांग ज्या बाजूने येते त्या बाजूलाच होते.

काळ्या खोप्यात दिवस काढणे सोपे नव्हते. मुंग्यांची रांग रोज नव्या वाटेने येई आणि लव्हाळी एकेक मुंगी चोचीने टिपत बसे. पावसाने छत एका बाजूने गळू लागले तेव्हा बोरूने त्याच्यावर गवताचा दुसरा थर विणला. एकदा सांजेला साप झावळीवर आला. बोरूने आरडाओरडा केला, पण एकट्याच्या ओरडण्याने साप कुठला हटतो. पलीकडून कुसळीकाकू आली आणि तिने सापाला असे काही सुनावले, वर डोक्यावर दोन टोचे दिले, की तो निमूट उतरून गेला. उजळ खोप्यांतून सगळे बघत होते. त्यांच्याकडे साप येत नसे, हे त्यांनी एकमेकांना पुन्हा सांगितले.

लव्हाळीची अंडी पांढरी होती, नुसती पांढरी. पंचांची वेळ आली आणि गेली, तरी ती फुटली नाहीत. अंडी वाया गेली, असे झाड कुजबुजू लागले. रागावलेल्यांनाही वाईट वाटले. लव्हाळीचाही धीर सुटत चालला. आपण सगळ्यांना तोडले, मावशीचे काळीज फाडले, आणि हातात हे दोन गार गोटे राहणार की काय, असे तिच्या मनात येई. ती अंड्याला कान लावून बसू लागली. आणि एका सकाळी आतून टकटक झाली. घाईची नव्हती. आतले कोणी तरी पूर्ण झोप झाल्यावर उठत होते.

पिल्ले बाहेर आली, ओली, गुबगुबीत, आणि त्यांनी आल्या आल्या चोची एवढ्या मोठ्या उघडल्या की बोरू दचकून मागे सरला. मग ती ओरडली. लव्हाळीने त्यांच्यावर पंख धरला आणि छातीशी लागणारी काळजे ऐकली. ती ठाम, सावकाश चालत होती. तिला इतका आनंद झाला की तो तिला सोसवेना.

झाडावरून कोणी बघायला आले नाही. उशिराची पोरे, मंदच निघणार, एवढे बोलून तो विषय संपला. पण ओरडणे काही लपत नाही. ते पहाटे सुरू होई आणि साऱ्या झाडाला ऐकू जाई. ज्या घरांतली पोरे चोच उघडायलाही थकत, त्या घरांत ते जास्तच ऐकू जाई.

काही दिवसांनी सावरीमावशी आली. ती दाराशी आली नाही, शेजारच्या झावळीवर बसली. मध्यंतरी ती एकदम म्हातारी दिसू लागली होती. पोरांचा गोंगाट ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"माझा पायगुण म्हणालीस," मावशी म्हणाली. "खरंच का?"

लव्हाळीने मान खाली घातली. "पायगुण नव्हे, मावशी. चोचीत होतं ते."

 मावशीने झाडाकडे पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या प्रत्येक खोप्यात पहिला गोळा तिने ठेवला होता. कोणत्या खोप्यातून किती पोरे उडाली आणि किती खाली ओढ्यात सोडावी लागली, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रत्येक घरी समाचाराला तीच तर गेली होती. लव्हाळीला तिच्या जवळ जावेसे वाटले. पण मावशी उठून गेली, आणि त्यानंतर कोणाशी फारशी बोलली नाही.

पुढच्या हंगामात साळी जड झाली. बोरूने, तिच्या भावाने, तिला भांडणाचे खरे कारण सांगितले होते, म्हणून ती गुपचूप वहिनीकडे आली. रागावली होतीस ना माझ्यावर, मग आता मलाही शिकव, असे म्हणून तिने लव्हाळीच्या कुशीत डोके खुपसले. लव्हाळीने तिला जेवढे येत होते तेवढे सगळे शिकवले, कुसळीकाकूनेही शिकवले. पण साळीला मध्येच हसू फुटे. तिने ज्यांना शिव्या दिल्या त्यांनी तिच्या गालाला चोच लावून कौतुक केले. वहिनीचे बघून नक्कल करते, म्हणून झाड तिच्यावर जास्तच खूश झाले. ओटीचा दिवस ठरला, तो टळला नाही. लव्हाळीने बोरूला पंचांकडे पाठवले. पंचांनी त्याला चिमूटभर कमी मातीचा ठराव पुन्हा वाचून दाखवला.

त्या संध्याकाळी रांग लागली ती ओढ्याच्या वळणाच्याही पुढे गेली. साळीचा खोपा अजून अंधारात होता. तो आता झाडावरचा सगळ्यात उजळ खोपा होणार होता. झावळ्याझावळ्यांवरून मिटलेल्या चोचींच्या फटींतून हिरवा उजेड झिरपत होता. चोची भरलेल्या असल्यामुळे कोणी बोलत नव्हते. साळी दाराशी बसली होती. लव्हाळी तिच्या मागे होती. नणंदेला धरण्यावाचून तिला आता काही करता येत नव्हते.

पहिला मान मावशीचा. मावशी पलीकडच्या झावळीवरून निघाली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. ती चोच घट्ट मिटून येत होती, आणि म्हातारपणीसुद्धा या खेपेला तिला वाटेत एकदाही विसावा घ्यावा लागला नाही. ती साळीच्या दाराशी बसली. साळीने रीतीप्रमाणे आपली चोच पुढे केली आणि डोळे मिटून घेतले.

मावशीने चोच उघडली. ती रिकामी होती.

मावशी ती मिटून घेईल असे सगळ्यांना वाटले. तिने मिटली नाही. ती वळली आणि उघड्या चोचीने रांगेकडे तोंड करून बसली, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना दिसेल अशी.

रांगेतल्या पहिल्या शेजारणीने मावशीच्या चोचीत पाहिले. मग आपल्या चोचीतल्या गोळ्याकडे पाहिले. तो तिने या वेळी ठरावाप्रमाणे लहानच आणला होता. पण मावशीच्या रिकाम्या चोचीपुढे तोही मोठाच होता. मग खाली ओढ्यात डुबुक असा आवाज झाला आणि एक हिरवा ठिपका पाण्यात खोल खोल जाऊन विझला. थोड्या वेळाने दुसरा आवाज झाला. मग तिसरा.

लव्हाळी साळीला सोडून पुढे आली आणि मावशीच्या शेजारी, पंखाला पंख लावून बसली. साळीच्या खोप्यात अंधार होता. मावशीची चोच दुखू लागली असेल, पण रांग संपेपर्यंत तिने ती उघडीच ठेवली.